कोठाराचे दार : स्वयंपूर्णतेच्या तीन पुस्तकांविषयी

कुटुंबाने आपल्या गरजा शक्य तितक्या आपल्याच हातांनी भागवाव्यात, परसात भाजीपाला पिकवावा, रानात खाण्याजोगे काय उगवते ते ओळखावे आणि कठीण काळासाठी चार पोती बाजूला ठेवावीत, हा विचार फार जुना आहे. अलीकडे मात्र तो नव्या आग्रहाने मांडला जातो. २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा, ज्या घरांच्या मागे शेवग्याचे झाड आणि अळूचा वाफा होता ती घरे थोडीफार निश्चिंत होती आणि ज्यांची सारी भिस्त कोपऱ्यावरच्या दुकानावर होती ती घरे रांगेत उभी होती, हे आपण पाहिले. ‘उद्या पुन्हा तसे झाले तर?’ हा प्रश्न घरभेटीच्या वेळी आजही माझ्या कानांवर येतो.

साहित्याने या प्रश्नाचा विचार पूर्वीच केलेला आहे. डॅनियल डेफो यांची ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९), योहान डेव्हिड वीस या स्विस धर्मोपदेशकाची ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ (१८१२) आणि हेन्री डेव्हिड थोरो यांचे ‘वॉल्डन’ (१८५४) ही तीन पुस्तके स्वयंपूर्ण जगण्याची जणू तीन प्रारूपेच आहेत. पहिल्यात एकटा माणूस आहे, दुसऱ्यात कुटुंब आहे, तिसऱ्यात एकांत स्वखुशीने पत्करलेला विचारवंत आहे. पहिल्या दोन कथा आपल्या मुलांपर्यंत संक्षिप्त रूपात पोहोचतात आणि तिसऱ्याचा उल्लेख निसर्गप्रेमी मंडळी आदराने करतात. या तिन्ही पुस्तकांना एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते: या माणसांनी कष्टाने भरलेल्या कोठाराचे दार कोणासाठी उघडते? साहित्यकृती म्हणून त्यांचे गुणदोषही या प्रश्नामुळेच अधिक स्पष्ट होतात, असे माझे मत आहे.

गलबतावरच्या बारा खेपा

‘रॉबिन्सन क्रूसो’ ही एकट्याने तग धरण्याची कथा म्हणून जगप्रसिद्ध आहे. रूसो यांनी ‘एमिल’ (१७६२) या शिक्षणविषयक ग्रंथात मुलाच्या हाती द्यावयाचे पहिले पुस्तक म्हणून तिचीच निवड केली होती. निर्जन बेटावर अठ्ठावीस वर्षे काढणारा हा नायक रानशेळ्या माणसाळवतो, द्राक्षे वाळवून मनुका करतो, मातीची भांडी भाजण्याची विद्या धडपडत शिकतो. प्रचंड झाड तोडून तो होडी कोरतो आणि ती पाण्यापर्यंत ओढून नेणे अशक्य आहे हे त्याला काम संपल्यावर कळते! वस्तू कशी केली, किती दिवस लागले, पहिल्यांदा का बिघडली, हे सांगताना डेफो यांची लेखणी जराही घाई करीत नाही. श्रमाला कथेचा नायक करण्याचे हे सामर्थ्य असामान्य आहे, आणि तीनशे वर्षांनंतरही ते उणावलेले नाही.

परंतु क्रूसो बेटावर रिकाम्या हातांनी आला, हा समज खरा नाही. फुटलेल्या गलबतावर त्याने बारा खेपा केल्या आणि सुताराची पेटी, बंदुका, दारूगोळा, शिडाचे कापड, धारेचा दगड, इतकेच नव्हे तर बायबलच्या प्रतीही तराफ्यावर लादून आणल्या. त्याच्या प्रत्येक कुऱ्हाडीमागे कोणी लोहार आहे, प्रत्येक दोरखंडामागे कोणी दोर वळणारा आहे. ते गलबत निघाले होते तरी कशासाठी? ब्राझीलमधील मळ्यांकरिता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्यासाठी! मुलांच्या आवृत्त्यांतून ही बाब बहुधा गळून पडते. ती गळू नये. कारण पुढे ‘फ्रायडे’ त्याला भेटतो तेव्हा त्याला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या शब्दांत ‘धनी’ हा शब्द का असतो, याचे उत्तर तिथे आहे.

कादंबरीतील दोन प्रसंग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला प्रसंग जवाचा. खडकाच्या आडोशाला अचानक जवाची कणसे डोलताना पाहून क्रूसो परमेश्वराचे आभार मानतो. मग त्याला आठवते की कोंबड्यांच्या दाण्याची एक पिशवी आपणच तिथे झटकली होती. आणि ते आठवताच त्याची कृतज्ञता ओसरते. नंतर तो स्वतःच विचार करतो की, उंदरांच्या तोंडून दहाबारा दाणे वाचावेत आणि ते नेमके सावलीच्या ओल्या जागी पडावेत, ही देखील देवकृपाच नव्हे काय? शेतकऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पेरणारा हात आपला असतो, उगवणे आपल्या हाती नसते.

दुसरा प्रसंग वाळूतील पावलाचा. सुमारे पंधरा वर्षांच्या एकांतानंतर क्रूसोला किनाऱ्यावर माणसाच्या अनवाणी पावलाचा ठसा दिसतो. माणसाच्या आवाजासाठी तळमळणारा हा माणूस त्या एका ठशाने भयभीत होतो. कुंपणे मोडून टाकावीत, पाळलेल्या शेळ्या रानात सोडाव्यात, पिकाची शेते खणून काढावीत, म्हणजे कोणाला आपला माग लागणार नाही, असे विचार त्याच्या मनात येतात. पुढे धूर दिसू नये म्हणून तो लाकडाचा कोळसा करून वापरू लागतो. जे कोठार त्याने प्राण वाचवण्यासाठी भरले, तेच आता त्याच्या भीतीचे कारण झाले आहे. त्याचे भय निराधार नाही, हेही खरे. बेटावर येणारे लोक नरभक्षक आहेत, असे कथा पुढे सांगते. तथापि ठसा कोणाचा हे कळण्याआधीच त्याने येणाऱ्याला शत्रू ठरवले आहे. संकटकाळाची तयारी करताना ज्याच्या मनात शेजाऱ्याचे चित्र केवळ लुटारूचे असते, अशा प्रत्येकाचे अंतरंग डेफो यांनी त्या काही पानांत उघडे केले आहे. कादंबरीचा हा भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

धर्मोपदेशकाचे बेट

वीस हे बर्न येथील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. आपल्या चार मुलांना सांगितलेल्या गोष्टी त्यांनी लिहून ठेवल्या आणि त्यांचा मुलगा योहान रुडॉल्फ याने त्या संपादित करून प्रसिद्ध केल्या. पुढे भाषांतरकारांनी त्यांत इतकी भर घातली की, कोणत्या भाषेतील कोणती आवृत्ती आपण वाचतो यावर तपशील अवलंबून असतो. मूळ चौकट मात्र कायम आहे: जहाज फुटते, खलाशी होड्या घेऊन निघून जातात, आणि मागे उरलेला धर्मोपदेशक, त्याची पत्नी व चार मुलगे पिंपांच्या अर्धुकांची होडी करून किनारा गाठतात.

कुटुंबात वाचण्याचे पुस्तक म्हणून याची थोरवी मान्य केलीच पाहिजे. इथे श्रमाची वाटणी आहे. थोरला फ्रिट्झ धीट पण उतावळा, एर्न्स्ट आळशी पण वाचनप्रिय. आणि त्या आळशी मुलाचे पुस्तकी ज्ञान वेळोवेळी सर्वांच्या उपयोगी पडते. रविवारी काम थांबते, प्रार्थना होते आणि वडील दृष्टांतकथा सांगतात. रानातले नवे खाद्य ओळखण्यात सावधगिरी आहे. ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो, त्या कंदाची विषारी जात पिळून, तिचा रस काढून टाकून भाकरी केली जाते आणि ती आधी कोंबड्यांना व माकडाला घालून पाहिली जाते. माकडाचे मत कोणी विचारीत नाही, हा भाग वेगळा! पण ‘दिसले म्हणून तोडले, तोडले म्हणून खाल्ले’ हा अविचार या कुटुंबात नाही.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष असा की, हे बेट कशालाच नकार देत नाही. पेंग्विन, कांगारू, शहामृग आणि सिंह एकाच भूमीवर नांदतात. रबर, मेण, मीठ, कापूस, जे हवे ते मिळते. जहाजही एका नव्या वसाहतीसाठी निघालेले असल्यामुळे गाय, गाढव, मेंढ्या, बी-बियाणे आणि हत्यारे यांनी भरलेले आहे. नवा प्राणी दिसला की आधी गोळी सुटते आणि मग वडील त्याचे नाव सांगतात. सृष्टी म्हणजे आपल्यासाठी उघडी ठेवलेली वखार, ही भावना पानापानांतून डोकावते. ज्या पुस्तकात जमीन कधी थकत नाही, त्या पुस्तकाकडून जमीन जपावयास शिकता येत नाही. अपवाद एकच, आणि तो मला पुस्तकातील सर्वांत सरस भाग वाटतो. पहिल्या पावसाळ्यात झाडावरचे घर सोडून हे कुटुंब बुंध्यापाशी धुरात, ओलीत, जनावरांच्या शेजारी दाटीवाटीने दिवस काढते. तिथे क्षणभर बेट खरे होते. ज्यांनी कौलारू घरात गळक्या छपराखाली श्रावण काढला आहे, त्यांना ती पाने लगेच ओळखीची वाटतील.

दुसरा दोष निवेदनाचा आहे. सारी कथा वडिलांच्या तोंडून येते आणि वडिलांना सर्व काही ठाऊक असते. मुले चुकतात, वडील समजावतात. धर्मगुरूचा पेशा असल्यामुळे मला हा मोह परिचयाचा आहे. परंतु प्रवचनाची सवय कादंबरीला मानवत नाही. शिवाय त्या सर्वज्ञ आवाजाखाली आईचा आवाज दबतो. वास्तविक पाहता या कुटुंबाला तारणारी खरी व्यक्ती तीच आहे. जहाज सोडताना तिने एक थैली भरून घेतली होती. सुई, दोरा, बी-बियाणे, जेव्हा जे लागेल ते त्या थैलीतून निघते. पुरुष मंडळी मोडक्या जहाजाकडे फेऱ्या मारीत असताना ती गाजावाजा न करता भाजीचा मळा लावते. लेखकाने त्या थैलीचे कौतुक केले आहे, पण ती थैली भरताना त्या माउलीने काय विचार केला असेल, हे तिच्या शब्दांत सांगण्याची संधी त्याने घालवली आहे.

असे असले तरी आपल्या मुख्य प्रश्नाच्या बाबतीत हे पुस्तक डेफो यांच्या पुढे जाते. उत्तरार्धात एका समुद्रपक्ष्याच्या पायाला बांधलेला संदेश फ्रिट्झला मिळतो: कोणी इंग्रज व्यक्ती दूरच्या खडकावर एकटी अडकून पडली आहे. क्रूसोला पाऊल दिसले तेव्हा तो लपला होता. फ्रिट्झ आपली छोटी नाव घेऊन शोधायला निघतो, आणि त्या मुलीला घेऊन परततो तेव्हा सारे घर तिच्या स्वागताला उभे असते. इतकी वर्षे साठवलेल्या सुबत्तेला तेव्हा प्रथमच काही प्रयोजन लाभते. त्याआधी हे कुटुंब बेटावर येण्याचा वर्धापनदिन थाटाने साजरा करते, खेळ लावते, बक्षिसे वाटते. पण देणारेही तेच आणि घेणारेही तेच. पाहुणी आल्यावर ते बेट घर होते.

घोळाची भाजी

थोरो ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेले आणि दोन वर्षे, दोन महिने तिथे राहिले. जमीन त्यांचे मित्र इमर्सन यांची होती. गाव पायी जाण्याच्या अंतरावर होते. झोपडीला आलेला खर्च त्यांनी अर्ध्या सेंटपर्यंत मांडून दाखवला आहे: २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. त्यांनी घेवड्याचे पीक काढले, रानातली फळे खाल्ली, आणि एकदा आपल्या मक्याच्या शेतातली पालेभाजी खुडून, मीठ घालून उकडून त्यावर समाधानाने जेवण केले. ती पालेभाजी म्हणजे आपली घोळ! आपल्या वाड्यांतून जी तण म्हणून उपटली जाते आणि पूर्वी गरिबाच्या ताटात हमखास असे, ती. मराठी वाचकाला या ठिकाणी हे पुस्तक एकदम घरचे वाटू लागते.

‘वॉल्डन’चे गद्य घट्ट आहे, उपरोध धारदार आहे, आणि ‘खरोखर आवश्यक किती?’ हा त्यातील प्रश्न आजच्या आपल्या घरांना तर फारच लागू आहे. नव्या बंगल्याच्या कर्जाखाली वाकलेल्या कुटुंबाने ते पहिले दीर्घ प्रकरण अवश्य वाचावे. पण दोन ठिकाणी माझे मन अडखळते. आपल्या घरासाठी फळ्या मिळाव्यात म्हणून थोरो यांनी जेम्स कॉलिन्स या रेल्वेवर राबणाऱ्या आयरिश मजुराची झोपडी ४ डॉलर २५ सेंटना विकत घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंब आपला सारा संसार एका गाठोड्यात बांधून वाटेला लागलेले त्यांना भेटले. मांजर तेवढे मागे राहिले, रानटी झाले आणि सापळ्यात सापडून मेले. थोरो हे सारे नोंदवतात. मांजराचे पुढे काय झाले तेही सांगतात. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, ते सांगत नाहीत.

दुसरे ठिकाण जॉन फील्ड या आयरिश शेतमजुराच्या घरचे. पावसात थोरो त्याच्या गळक्या घरात आसरा घेतात आणि त्याला उपदेश करतात: चहा, कॉफी, लोणी, मांस सोडशील तर तुला इतके राबावे लागणार नाही. हिशेब बिनचूक आहे. पण समोर त्याची पत्नी आहे, मुले आहेत. एकट्याने कमी खाणे हे व्रत आहे. पोराबाळांना कमी खावयास लागणे याला आपण उपासमार म्हणतो. स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य यांतील हा भेद संन्यस्त जीवनाचे व्रत घेतलेल्यांनी तरी विसरू नये. थोरो यांच्याइतका सूक्ष्म निरीक्षक तो विसरतो, याचे नवल वाटते.

ज्या वर्षी थोरो तळ्याकाठी गेले त्याच १८४५ सालच्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. तिथली लक्षावधी गरीब कुटुंबे एका अर्थाने स्वयंपूर्णच होती: खंडाने घेतलेला जमिनीचा तुकडा, त्यात बटाटे आणि असलेच तर एखादे डुक्कर. बाजारातून ती फारसे काही घेत नसत. पण पीक एकच होते आणि जमीन दुसऱ्याची होती. दुष्काळाच्या त्या वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिकांनी देश सोडला. लोकांनी खाजकुयलीसारखा दाह करणारा रानपाला उकडून खाल्ला, समुद्रकाठचे शेवाळ आणि खडकांवरचे शिंपले वेचले. त्याच वेळी बंदरांतून धान्य परदेशी जात होते. रानभाजीविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. रानातून वेचणे हे हौसेने केले तर आनंद आहे. त्यावाचून गत्यंतर उरत नाही तेव्हा आधी कोणाचे तरी दार बंद झालेले असते. या काळोखातही एक दार उघडले होते. स्वतःच्या भूमीतून काहीच वर्षांपूर्वी हाकलले गेलेल्या अमेरिकेतील चॉक्टॉ आदिवासींनी १८४७ साली आयर्लंडसाठी आपल्या तुटपुंज्या कमाईतून निधी पाठवला.

आगोट आणि शेताचे कोपरे

कोठार भरणे पाप आहे काय? पवित्र शास्त्रात याला दोन उत्तरे सापडतात. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवतो आणि दुष्काळात कोठारे उघडतो. लूककृत शुभवर्तमानात एक धनवान जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचा बेत करतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. साठवण दोघांचीही आहे. फरक दाराचा आहे. योसेफाचीही कथा निर्दोष नाही. पुढच्या एका अध्यायात त्याच धान्याच्या बदल्यात लोकांच्या जमिनी फारोच्या होतात. कोठाराची किल्ली एकाच हाती असली की काय होते, हे शास्त्र लपवीत नाही. म्हणूनच लेवीय ग्रंथातील तो साधा नियम मला अधिक मोलाचा वाटतो: शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसे गोळा करू नका, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या. बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी रूथ याच नियमाच्या आधारे जगली. वेचण्याचा तिला हक्क होता; ती कोणाच्या दयेवर नव्हती.

आपल्या किनारपट्टीवरच्या घरांना हे परके नाही. आगोटीची तयारी आपण पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. सुके बोंबील, जवळा, चिंचेचे गोळे, पापड, लोणची, सरपण, आणि उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरलेला वर्षाचा मसाला. मसाला कुटणाऱ्या बाया घरोघर जात, आणि ते काम एकटीने कधी होत नसे. पहिल्या पावसानंतर येणारी शेवळे घ्या. नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते; त्यांच्यासोबत काकडे हे आंबट रानफळ घालावे लागते. शेवळे विकणारी आदिवासी बाई काकडेही त्याच टोपलीतून देते आणि नव्या गिऱ्हाइकाला कसे शिजवायचे तेही सांगते. ते ज्ञान कोणा क्रूसोने एकट्याने शोधलेले नाही. कितीतरी आज्यांच्या अनुभवातून ते आले आहे, आणि ज्या रानात ते टिकले ते रानही आपले नसून तिचे आहे. रानभाज्यांच्या महोत्सवाला हौसेने जाणाऱ्या आपण त्या बाईशी भाव करताना याची आठवण ठेवतो काय?

समारोपादाखल एवढेच म्हणतो. तिन्ही पुस्तके वाचावीत. डेफो श्रमाची प्रतिष्ठा शिकवतात आणि भीतीचे दर्शन घडवतात. थोरो गरजा मोजावयास शिकवतात. त्यांचे पुस्तक मोठ्यांनी वाचावे, आणि कॉलिन्सच्या गाठोड्यापाशी थोडे थांबावे. वीस यांचे पुस्तक कलादृष्ट्या तिघांत सर्वांत दुबळे आहे, तरी मुलांसोबत मोठ्याने वाचावयाचे तेच. फक्त वडिलांची व्याख्याने थोडी गाळावीत, बंदुकीच्या प्रसंगी मुलांना प्रश्न विचारावेत आणि आईच्या थैलीची गोष्ट घरातल्या आईला तिच्या शब्दांत सांगू द्यावी. त्याच आठवड्यात मुलांना परसात नेऊन घोळ आणि टाकळा ओळखावयास शिकवावे, एक वाफा त्यांच्या हाती द्यावा. त्या वाफ्यातली पहिली जुडी कोणत्या घरी पोहोचवायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे.